गार्डन रीच: डॉक्टर न होताही दवाखान्यात नोकरी

आजचा प्रश्न बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींच्या घरातला आहे. एमबीबीएस जमलं नाही, तर आरोग्यक्षेत्राचं दार बंद झालं का? अजिबात नाही. फौजेत आम्ही आधी जमीन बघायचो, मग आखणी करायचो. आज जमीन घेऊ कोलकात्याचं गार्डन रीच.

हुगळीकाठच्या या भागात जहाजबांधणी कारखाना आहे, मेटियाब्रुजचा शिलाईधंदा आहे आणि दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालयही आहे. ही रेल्वे म्हणजे जुन्या बंगाल नागपूर रेल्वेची वारसदार, त्यामुळे नागपूरकरांना हे नाव परकं नाही. मुख्यालयासोबत रेल्वेचं केंद्रीय रुग्णालय आहे. शिवाय राज्य सरकारचं रुग्णालय, खासगी नर्सिंग होम, पॅथॉलॉजी लॅब आणि औषधांची दुकानं आहेतच.

रेल्वेची पॅरामेडिकल भरती रेल्वे भरती मंडळ करतं. 2024 च्या जाहिरातीत देशभरात 1376 जागा होत्या, त्यांतल्या 713 नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या. या पदाला जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग आणि नोंदणी लागते. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ पगार 44,900 रुपयांपासून. फार्मासिस्टचा 29,200 पासून, तर डीएमएलटीवाल्या लॅब असिस्टंटचा 21,700 पासून. भत्ते वेगळे.

आता वेळेचा हिशेब. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. डी. फार्म दोन वर्षं, वर प्रत्यक्ष प्रशिक्षण. घरात लवकर पगार यायला हवा असेल तर दोन वर्षांचा कोर्स वाईट नाही. पुढच्या बढत्यांचा विचार असेल तर पदवीच घ्या.

मुलींसाठी एक वाट मी आवर्जून सांगतो. जवळच अलीपूरला लष्कराचं कमांड हॉस्पिटल आहे आणि तिथे नर्सिंग कॉलेज आहे. नीटच्या गुणांवर निवड होते, चार वर्षं शिक्षण होतं आणि नंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळतं. सेवेचा करार मात्र आधी नीट वाचा. असंच कॉलेज पुण्यात एएफएमसीला आणि मुंबईत अश्विनीलाही आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी" अशा पाट्या प्रत्येक शहरात दिसतात. शेतकऱ्याचे, शिंप्याचे साठवलेले पैसे तिथे जातात आणि हातात येतो तो नोंदणी न होणारा कागद. फी भरण्याआधी तीन गोष्टी तपासा: संस्थेचं नाव राज्याच्या नर्सिंग किंवा फार्मसी परिषदेच्या यादीत आहे का, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होतं, आणि मागच्या तुकडीची नोंदणी झाली का. उत्तर तोंडी नको, कागदावर हवं.

महाराष्ट्रात शिकून बंगालमध्ये, किंवा तिकडून इकडे जायचं असेल, तर नर्सिंगची नोंदणी नव्या राज्याच्या परिषदेकडे न्यावी लागते. त्यात वेळ जातो, म्हणून अर्ज लवकर करा. आणि कोलकात्यात काम करायचं तर बंगाली शिका. रुग्ण दुखणं आपल्या भाषेतच सांगतो.

जय हिंद.