भिंतीचे कान आणि मक्त्याचे डोळे

वारणावतातील लाक्षागृहाची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली असते. परंतु तिचे मर्म पुष्कळदा निसटून जाते. पांडव त्या घरात राहावयास गेले, तेव्हा ते बांधून सज्ज झालेले होते. भिंतींत लाख आणि राळ कोणी भरली, केव्हा भरली, हे पाहावयास त्यांचे एकही माणूस तेथे उभे नव्हते. पुरोचनाचे काम बिनबोभाट पार पडले ते यामुळेच. पुढे विदुराने भुयार खणण्यासाठी खनक धाडला. आपले कौशल्य सांगून तो थांबला नाही. विदुर युधिष्ठिराशी म्लेच्छ भाषेत जे बोलला होता त्याची खूण त्याने पटविली आणि मगच कुदळ हाती घेतली. परक्या भूमीवर ज्याला आपले घर बांधावयाचे आहे त्याच्यासाठी या कथेत दोन धडे आहेत. बांधकामावर पहिल्या दिवसापासून आपला डोळा हवा. आणि तो डोळा खात्रीच्या माणसाचा हवा.

पहिला धडा विसरल्याची किंमत अमेरिकेसारख्या बलाढ्य राष्ट्राने मॉस्कोत मोजली. सोव्हिएत रशियाचा अनुभव तिला नवा होता असेही नव्हे. १९४५ साली रशियन शाळकरी मुलांच्या हस्ते अमेरिकन राजदूतास लाकडात कोरलेली त्यांचीच राजमुद्रा भेट देण्यात आली. ती राजदूताच्या निवासात भिंतीवर टांगली गेली, आणि तिच्या पोटात दडविलेले श्रवणयंत्र १९५२ पर्यंत कोणाच्या ध्यानी आले नाही. १९६४ साली मॉस्कोतील वकिलातीच्या भिंतींतून चाळीसहून अधिक ध्वनिग्राहक उकरून काढावे लागले. भिंतीलाही कान असतात ही म्हण तेथे शब्दशः खरी ठरली होती.

इतके होऊनही नव्या वकिलातीच्या बांधकामास १९७९ साली प्रारंभ झाला, तेव्हा काम रशियन मजुरांच्या हाती देण्यात आले. काँक्रीटचे खांब, तुळया व लाद्या अन्यत्र, अमेरिकनांच्या नजरेआड ओतल्या जाऊन जागेवर येत. सहा वर्षांनी, ऑगस्ट १९८५ मध्ये, काम थांबवून रशियन मजुरांना बाहेर काढण्यात आले. कारण ऐकण्याची यंत्रणा भिंतीवर चिकटविलेली नव्हती, ती इमारतीच्या हाडामांसातच मिसळलेली होती. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत राज्य अस्तास जात असता तेथील गुप्तचर खात्याचे प्रमुख बाकातिन यांनी त्या यंत्रणेचे आराखडे अमेरिकन राजदूत स्ट्राउस यांच्या हाती ठेवले. तरीही त्या इमारतीवर कोणाचा विश्वास बसेना. अखेर वरचे दोन मजले पाडून तेथे चार नवे मजले, अमेरिकन हातांनी आणि अमेरिकेतून आणलेल्या सामानाने, उभारावे लागले. या दुरुस्तीपायी सुमारे २४ कोटी डॉलर खर्ची पडले आणि वकिलात २००० साली, म्हणजे आरंभापासून एकवीस वर्षांनी, वापरात आली.

या अनुभवातून आजची व्यवस्था जन्मली. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने वकिलातीची वास्तू अनुल्लंघनीय ठरविली आहे खरी. परंतु ज्या जागी रोज शेकडो गवंडी, सुतार व वीजतंत्री ये-जा करतात, तेथे कराराचा कागद पहारा करीत नाही. म्हणून अमेरिकन वकिलातींच्या बांधकामावर आता एक सुरक्षा-व्यवस्थापक असतो. त्याच्या हाताखाली पूर्वेतिहास तपासलेले अमेरिकन पहारेकरी असतात, तसेच तारा, नळ व भिंतींचे थर यांची पारख असलेले तंत्रज्ञ असतात. गुप्त खलबतांच्या दालनांत लागणारे सामान मोहोरबंद पेट्यांतून येते, ते उघडण्यापूर्वी तपासले जाते आणि रात्री कुलपाखाली राहते. सूर्य मावळला म्हणजे गवंड्याचे काम संपते; पहारेकऱ्याचे तेव्हा सुरू होते. आणि या पहारेकऱ्यांपैकी पुष्कळजण सरकारी नोकर नसून मक्त्याने घेतलेले असतात.

येथेच दुसऱ्या धड्याचा प्रश्न उपस्थित होतो. बांधकाम दोनतीन वर्षांचे, तेही आज एका देशी तर उद्या दुसऱ्या. त्यासाठी कायमचे पहारेदल पोसणे सरकारास परवडत नाही, हा मक्त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नाही. सरकारी वर्दी अंगावर चढली म्हणजे माणूस निष्कलंक होतो असेही आम्ही मानीत नाही. मॉस्कोतील वकिलातीवर पहारा करणाऱ्या एका मरीन शिपायालाच १९८७ साली लष्करी न्यायालयाने हेरगिरीबद्दल दोषी ठरविले होते. कुंपणच शेत खाऊ लागले तर ते कुंपण सरकारी की खासगी, हा वाद पिकाच्या दृष्टीने सारखाच व्यर्थ होय.

मग आमचा आक्षेप कशास? आक्षेप मक्त्यास नाही, मक्ता देण्याच्या मापास आहे. वकिलातींच्या स्थानिक पहाऱ्याचा मक्ता किमान अटी पुऱ्या करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी बोलीच्या ठेकेदारास द्यावा, असा दंडक अमेरिकन काँग्रेसने १९९० च्या कायद्याने घातला. त्याचे फळ काबूलमध्ये दिसले. तेथील अमेरिकन वकिलातीच्या मक्त्याच्या पहाऱ्यातील अनाचार २००९ साली जगजाहीर झाला. ठेकेदाराच्या कामातील उणिवांविषयी खुद्द परराष्ट्र खात्याने त्यापूर्वी वारंवार लेखी कान उघाडणी केली होती. तरी मक्ता चालूच राहिला. खडी आणि सिमेंट कमी दराने घेता येते, कारण त्यांचा कस तपासता येतो. जागरणाचा कस तपासावयास मात्र दुसऱ्या कोणीतरी जागे राहावे लागते.

या स्वस्ताईचे मोल कोण देतो, तेही पाहिले पाहिजे. २० जून २०१६ च्या सकाळी काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीवर पहाऱ्यास निघालेल्या मक्त्याच्या रक्षकांच्या गाडीवर आत्मघातकी हल्ला होऊन चौदा रक्षक मृत्युमुखी पडले. त्यांची गाडी चिलखती नव्हती. मृतांत बहुसंख्य नेपाळी होते, आणि दोघे आपले भारतीय होते. दुसऱ्याच्या राजदूताचे प्राण राखण्यासाठी जे निघाले, त्यांचे प्राण राखणे हे कोणाच्याच करारातील कलम नव्हते काय?

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर, काबूलमधील भारतीय वकिलातीवर भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान पहारा देत असत, आणि ७ जुलै २००८ च्या स्फोटात त्यांपैकी दोघांनी कर्तव्यावर देह ठेवला. तो पहारा मक्त्याचा नव्हता. पण वकिलात उभी राहिल्यावरचा पहारा आणि ती उभी राहत असतानाचा पहारा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यास बंदूक पुरते. दुसऱ्यास बांधकामाची जाण लागते, आणि ती जाण असलेले विश्वासू माणूस घडविण्यास वर्षे लागतात. शेजाऱ्याचा स्नेहही येथे पुरेसा नसतो. पूर्व तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या दालनात २००४ साली श्रवणयंत्रे बसविली गेली ती शत्रूकडून नव्हेत. साह्यासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या हेरखात्याकडून आणि तीही इमारतीच्या नूतनीकरणाच्या आडून, हा आरोप २०१३ साली जगापुढे आला.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, परदेशांत वकिलाती बांधताना पहारा मक्त्याने घ्यावा लागला तरी तीन गोष्टी सरकारने मक्त्याबाहेर ठेवाव्यात. पहाऱ्यावरील देखरेख सरकारच्या स्वतःच्या जाणत्या अधिकाऱ्याकडे असावी. पहारेकऱ्याची निवड बोलीच्या आकड्यावर नव्हे, त्याच्या शिक्षणावर व पूर्वेतिहासावर व्हावी. आणि त्याचे वेतन, विमा व जिवाची सुरक्षितता यांची अंतिम जबाबदारी ठेकेदारावर ढकलून सरकारने हात झटकू नयेत. जो राज्याच्या गुपितांवर पहारा करतो तो त्या राज्याचाच माणूस होय, मग त्याचा पगार कोणत्याही खिडकीतून मिळो.

कर भरणाऱ्या सामान्य नागरिकास हा विषय दूरचा वाटेल. पण मॉस्कोतील त्या पाडलेल्या दोन मजल्यांचा खर्च अखेर सामान्य अमेरिकन करदात्यानेच सोसला. इमारत उभी राहत असताना चार प्रामाणिक डोळे कमी पडले, त्याची ती भरपाई होती. पहारा पैशाने विकत घेता येतो; जबाबदारी घेता येत नाही. वारणावतात खनकाने आधी खूण पटविली, हे ध्यानात ठेवून ज्याने त्याने आपले घर बांधावे.