आवाज न चढवणारा पाटील

मराठी ग्रामीण चित्रपटातला जुना खलनायक म्हणजे सावकार. चोपडी, गहाणखत, विधवेच्या जमिनीवर डोळा, एवढ्यावर त्याचं भागायचं. पुढे महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, आणि गावातली खरी सत्ता सावकाराच्या बैठकीतून उठून सोसायटी, कारखाना, पंचायत समितीत जाऊन बसली. हा नवा सत्ताधारी पडद्यावर आला तो निळू फुल्यांच्या रूपाने. धोतर, जाकीट, टोपी सगळं जुनंच. पण हा माणूस निवडून आलेला होता. सावकाराला शिव्या देणं सोपं असतं. याला मात्र समोरच्या प्रेक्षकांनीच मतं दिलेली!

या बेरक्या पुढाऱ्याला फुले इतके नेमके ओळखत, त्याचं मूळ त्यांच्या तरुणपणात आहे. नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म 1930चा. पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते माळीकाम करत आणि उरलेला वेळ राष्ट्र सेवा दलाला देत. सेवा दलाचं कलापथक ही त्यांची खरी नाट्यशाळा. 1957च्या निवडणुकीच्या धामधुमीत ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग त्यांनी स्वतः लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंगेने त्यांचं नाव झालं. म्हणजे पुढारी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय सिनेमाच्या दहा वर्षं आधीपासूनचा. वगात नटाला संहितेची फारशी सोबत नसते. त्या दिवशीचं राजकारण, त्या गावातली भानगड, पुढच्या रांगेत बसलेले सरपंच, सगळं जागच्या जागी संवादात ओढावं लागतं आणि दाद आली नाही तर लगेच कळतं. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ गाजलं ते याच तालमीवर. मग 1968 साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा म्हणून ते पडद्यावर आले. लोकनाट्य आणि चित्रपट, दोन्हीचं लेखन शंकर पाटलांचं. त्यामुळे बोलीला कुठे ठेच लागली नाही.

1972 साली कमलाकर सारंगांनी ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आणलं तेव्हा लोकनाट्यातल्या या नटाला सखाराम देणं हे धाडसच होतं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणणारा, त्यांना राबवणारा, मारणारा आणि तरी आपण ढोंगी नाही असा तोरा मिरवणारा हा बुकबाइंडर. सेन्सॉरने 13 प्रयोगांनंतर नाटक अडवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. या सगळ्या गदारोळात फुल्यांच्या कामाबद्दल बोलायचं थोडं राहूनच गेलं, असं मला वाटतं.

त्यांचं शिखर मात्र ‘सामना’. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, रामदास फुटाण्यांची निर्मिती. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता. फुले इथे साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील. गावात एक दारुडा, फाटका मास्तर येतो. ते काम डॉ. श्रीराम लागूंचं. हिंदुराव त्याला हाकलून देत नाही. वाड्यावर आणतो, खाऊ घालतो, दारू पाजतो आणि हा कोण, याला हवंय काय, याचा अदमास घेत राहतो. गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल मास्तर फिरून फिरून एकच विचारतो: मारुती कांबळेचं काय झालं? या प्रश्नावर दुसरा कुठलाही खलनायक टेबलावर मूठ आपटता. फुले आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. शब्द ओढून बोलतात, नजर तिरकी करून समोरच्याला जोखतात, मध्येच हसतात. त्या हसण्यात दरारा असतो आणि किंचित कंटाळाही. आपलं कोणी काही वाकडं करू शकत नाही, हे ज्याला पक्कं ठाऊक असतं तो ओरडत नसतो. आणखी एक गोष्ट आहे. हिंदुरावाला मास्तर मनापासून आवडू लागतो. तोंडावर खरं बोलणारा माणूस त्याला कित्येक वर्षांत भेटलेला नसतो. खुनाचं पाप माथ्यावर असलेल्या माणसाचं हे एकटेपण फुल्यांनी दाखवलं, तेही सहानुभूतीची भीक न मागता.

मराठी सिनेमाने या हिंदुरावाचं काय केलं? त्याचा कारखाना काढून घेतला, राजकारण काढून घेतलं आणि उरलेली वासना पुढची कितीतरी वर्षं विकली. बायकांवर नजर ठेवणारा पाटील फुल्यांना इतक्यांदा करावा लागला की खेडोपाडी बायका त्यांना खरोखरच्या शिव्या घालत. नंतर नकलाकारांनी तर त्यांना वाड्यावर बोलावण्याच्या एका वाक्यापुरतंच शिल्लक ठेवलं. हिंदीत त्यांनी ‘कुली’सारखी बरीच कामं केली, त्यांबद्दल फार बोलण्याजोगं नाही. अपवाद ‘सारांश’चा. महेश भटांच्या 1984च्या या चित्रपटातला गजानन चित्रे हा हिंदुरावाचा शहरी भाऊबंद म्हणावा. गोड बोलून सुरुवात करणारा आणि जमलं नाही की गुंड धाडणारा.

उलट्या बाजूचं कामही जब्बार पटेलांनीच दिलं. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेल्या ‘सिंहासन’मध्ये (1979) अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री आणि खुर्चीच्या या खेळाचा साक्षीदार असलेला पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे फुले. इथे सत्ता त्यांच्या हातात नाही, फक्त डोळ्यांसमोर आहे. सगळं पाहून अखेर भान हरपून हसत सुटलेला दिगू ज्यांनी पाहिला, त्यांना तिरक्या नजरेचा हा नट किती सरळ पाहू शकतो हे कळलं. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकात तर ते गांधीवादी अप्पाजी झाले, मुख्यमंत्रिपदी बसलेल्या स्वतःच्या मुलाविरुद्ध उभे राहणारे.

सेवा दलाचं नातं शेवटपर्यंत तुटलं नाही. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत ते होते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू, फुले, तनुजा, सदाशिव अमरापूरकर अशा नामवंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून हा निधी होता. 1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात ते गेले. त्याच वर्षी ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा त्यांचा चित्रपट आला. त्याचा विषय होता शेतकऱ्यांच्या आत्महत्या.