आधी उंट बांधा, मग तवक्कुल

"सर, भंगारातून गाडी बनवली तर रस्त्यावर चालवता येते का?" शिराळ्यात आठवी-नववीची मुलं हमखास विचारतात. कारण आपल्याच सांगली जिल्ह्यात हे घडलंय.

देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. खर्च सुमारे ६० हजार. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तोंडभरून कौतुक केलं. पण गाडी नियमांत बसत नाही, हेही सांगितलं. बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यावा लागतो. त्यानंतर नोंदणी आणि विमा. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीचीही तपासणी होते: ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्ट, धूर, अगदी अंगाला लागतील अशा धारदार कडासुद्धा.

म्हणून पालकांनो, मुलाच्या हातातला पाना काढून घेऊ नका. ब्रेकचा विचार इंजिनाआधी करायला शिकवा. प्रत्येक भागाची पावती जपायला सांगा. चोरीचा माल निघाला तर मेहनत हलाल कशी राहील? मंजुरी नसेल तर गाडी स्वतःच्या आवारातच ठेवा.

उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवायची शिकवण आपल्याला आहे. रस्त्यावर दुसऱ्याचं लेकरूही चालतं. त्याचा जीव आपल्याकडे अमानत आहे.