अडकलेली सुई

ज्या घरांत एके काळीं ग्रामोफोन होता, तेथील वडील मंडळींना हा अनुभव खात्रीनें आठवेल. गाणें ऐन रंगांत आलेलें असावें, आणि तबकडीवर चरा पडल्यामुळें सुई एकाच वळशांत अडकून बसावी. मग गायिका तोच शब्द पुन्हां पुन्हां आळवूं लागे, मुलें हसत, आणि कोणीतरी उठून सुई हलकेच पुढें सरकवी. तो यंत्राचा दोष होय, अशीच आपली सर्वांची समजूत होती. परंतु याच दोषांतून संगीत रचण्याची एक पद्धति जन्मास येईल, असें त्या वेळीं कोणास वाटलें असेल?

१९४८ सालीं पॅरिसच्या नभोवाणींत काम करणारे पिएर शेफर यांनीं ही गोष्ट हेतुपुरस्सर केली. बातिन्योल स्थानकावर जाऊन त्यांनीं आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले, आणि सुई एकाच बंद वळशांत फिरत राहील अशी योजना केली. गंमत अशी कीं, तोच खडखडाट दहा-वीस वेळां ऐकला म्हणजे आगगाडीचा विसर पडतो व कानाला नुसता ठेका जाणवूं लागतो. यालाच हल्लीं 'लूप' म्हणतात. आपण त्यास आवर्तन म्हणूं. मात्र तबलजीचें आवर्तन समेवर येतें, तें वाटेंत कांहीं ना कांहीं नवें करून. यंत्राचें जसेंच्या तसें परत येतें.

यंत्राची मर्यादा कलेला आकार देते, हें आपल्याकडे नवीन नाहीं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत, म्हणून तासभर ख्याल गाणाऱ्या गवयांनीं राग तीन मिनिटांत बसविला. पुढें 'सँपलर' निघाला. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेंतील तुकडा भरून घेऊन तो बोटाच्या दाबासरशी वाजविणारें हें यंत्र. अमेरिकेंत १९८७ सालीं आलेल्या एसपी-१२०० या सँपलरमध्यें अवघा दहा सेकंदांचा ध्वनि राही! तेवढ्यांत अधिक कांहीं मावावें म्हणून तेथील तरुण ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगानें फिरवून तुकडा भरीत, व मग यंत्रांत तो पुन्हां सावकाश करीत. त्यामुळें आवाजाला एक खरखर येई. पुढें लोकांना ती खरखरच आवडूं लागली.

येथवर सारें कौतुकाचेंच. पण तुकडा ज्याचा, त्याचें काय? १९६९ सालीं ग्रेगरी कोलमन या वादकानें 'विन्स्टन्स' या मंडळीच्या एका ध्वनिमुद्रिकेंत सुमारें सहा सेकंद एकट्यानें ड्रम वाजविले. तो तुकडा पुढें हजारों गाण्यांत फिरला. २००६ सालीं कोलमन वारले, तोंपर्यंत त्यांना त्याबद्दल एक पैही मिळाली नव्हती.

आपल्या परिचयाची गोष्टही याच जातीची आहे. १९८१च्या 'ज्योति' या हिंदी चित्रपटांत बप्पी लाहिरी यांनीं संगीत दिलेलें 'थोडा रेशम लगता है' हें गाणें लता मंगेशकर यांनीं गायिलें. २००२ सालीं अमेरिकेंत 'ट्रुथ हर्ट्स' या गायिकेचें 'ॲडिक्टिव्ह' हें गाणें तेथील लोकप्रिय गाण्यांच्या यादींत पहिल्या दहांत गेलें. त्याच्या तळाशीं लताबाईंचाच आवाज घोळत होता. संगीतकाराचें नांव मात्र दिलेलें नव्हतें. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयांत गेलें, आणि २००३ सालीं न्यायाधीशांनीं लाहिरी यांचें नांव घातल्याखेरीज ती ध्वनिमुद्रिका विकूं नये, असा हुकूम दिला.

मला स्वतःला उसनवारीचा राग नाहीं. आपले गवईही दुसऱ्या घराण्याची चीज, एखाद्याची हरकत उचलीत आले आहेत. पण ती गातांना कानाची पाळी धरून उस्तादाचें नांव घेण्याची रीत होती. यंत्राला कान आहेत, पाळी नाहीं.

त्याच सुमारास आमच्या पुतण्यानें परदेशांतून येतांना हें गाणें आणलें होतें. खोलींत तो ऐकत बसला असतां, माजघरांत भाजी निवडीत असलेल्या आमच्या मातुश्रींचे हात एकदम थबकले.

"अरे, लताचा आवाज ना हा? सुई अडकलीय वाटतं. जरा पुढं सरकव बघू."

त्या गाण्यांत लता आहे, हें पुतण्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतें.