ज्यूदो : आधी पडायला शिका

पनवेलमध्ये मुलाला ज्यूदोला घातलंत, तर सुरुवातीला त्याला नुसतं पडायला शिकवतील. पालकांनी कुरकुर करू नये. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि गादीवर टेकताना सरळ हाताची सणसणीत थाप. ही उकेमी, डोकं वाचतं ते हिच्यामुळे.

जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये टोकियोत सुरू केलेला हा खेळ कुस्तीच्या जवळचा, पण इथे पकड जाड सुती जॅकेटची. प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोरात, ताबा ठेवून पाठीवर पाडलं की ‘इप्पोन’. लढत तिथेच संपते. जमिनीवर २० सेकंद दाबून धरलं तरी तेच. असह्य झालं तर दोनदा थोपटायचं, समोरच्याने लगेच सोडायचं.

नखं कापलेली हवीत. आणि पावसाळ्यात ते जॅकेट वाळता वाळत नाही, तेव्हा परवडत असेल तर दोन घ्या.