विश्लेषण : अनेक अँटेनांच्या सिग्नलचा गुंता बहुपदींनी कसा सुटतो?

वाय-फाय राउटर आणि मोबाइलमधील अनेक अँटेना एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळी माहिती पाठवतात. हवेत ती एकमेकांत मिसळते. ती वेगळी करणारे ‘बहुपदी सारणीचे विघटन’ काय आहे आणि मोबाइलमध्ये मात्र दुसरीच पद्धत का वापरतात, याविषयी…

अनेक अँटेना कशासाठी?

स्पेक्ट्रम न वाढवता जास्त डेटा पाठवण्यासाठी. या तंत्राला ‘मायमो’ म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांनी त्याच्या पेटंटसाठी १९९२ मध्ये अर्ज केला. १९९४ मध्ये ते मिळाले. पॉलराज हे भारतीय नौदलातील माजी अधिकारी, तर कैलथ यांचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही पुण्यातलेच. आज वाय-फाय, फोर-जी आणि फाइव्ह-जी या तंत्रावर चालतात.

गुंता कसा होतो?

दोन अँटेना पाठवणारे आणि दोन घेणारे असतील, तर सिग्नलच्या वाटा चार होतात. प्रत्येक वाटेवर सिग्नल किती बदलतो, हे सांगणारे चार आकडे चौकटीत मांडले की झाली सारणी, म्हणजेच मॅट्रिक्स. पुढचे काम शाळेतल्या दोन चलांच्या समीकरणांसारखे. सारणीचे योग्य विघटन केले की एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा मिळतात.

मग बहुपदी कुठून आली?

इमारतींवर आदळून आलेला सिग्नल उशिरा पोहोचतो. वाट ३०० मीटरने लांबली की उशीर होतो सुमारे एक मायक्रोसेकंद. सेकंदाला दोन कोटी चिन्हे पाठवली जात असतील, तर तेवढ्यात २० चिन्हे पुढे गेलेली असतात. म्हणजे आताच्या चिन्हात मागचीही मिसळतात. आताचे चिन्ह पूर्ण आणि मागचे निम्मे येत असेल, तर ती वाट ‘१ + ०.५ य’ अशी लिहितात. इथे ‘य’ म्हणजे एक पाऊल उशीर. आता चौकटीत आकड्यांऐवजी बहुपदी बसतात. नेहमीचे विघटन एका क्षणाचा गुंता सोडवते, पण उशिराचा नाही.

हे विघटन कसे करतात?

ब्रिटनमधील जॉन मॅकव्हर्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक गाजलेली पद्धत मांडली. सारणीच्या कर्णाबाहेरची संख्या म्हणजे दोन वाटांमधील सरमिसळ. त्यातली सर्वांत मोठी शोधायची, सिग्नल पुढे-मागे सरकवून तिला एका वेळेवर आणायचे आणि ‘फिरवणी’ करून शून्य करायचे. सरमिसळ नगण्य होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. यात सिग्नलची एकूण ऊर्जा बदलत नाही, त्यामुळे गोंगाटही वाढत नाही. शेवटी प्रत्येक वाटेत स्वतःचा प्रतिध्वनी उरतो, पण एकेका वाटेतला प्रतिध्वनी काढणे तुलनेने सोपे असते.

मग मोबाइलमध्ये दुसरी पद्धत का?

‘ओएफडीएम’मुळे. यात रुंद पट्टा शेकडो अरुंद पट्ट्यांत विभागतात. प्रत्येक पट्टीत बहुपदीऐवजी साधा आकडा पुरतो. पण प्रतिध्वनीपासून बचावासाठी प्रत्येक चिन्हाआधी राखीव वेळ सोडावा लागतो. फोर-जीत साधारणपणे ६६.७ मायक्रोसेकंदांच्या चिन्हामागे सुमारे ४.७ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळपास सात टक्के वेळ असा जातो. बहुपदी पद्धतीत हा राखीव वेळ टाळता येतो. मात्र प्रत्येक फेरीत बहुपदी लांबत जाते, तिची क्षीण टोके छाटावी लागतात आणि उत्तर अंदाजे मिळते. फोन हलला की वाटा बदलतात आणि आकडेमोड नव्याने करावी लागते. त्याचा भार चिप आणि बॅटरीवर.

याचे महत्त्व काय?

स्पेक्ट्रम फुकट नाही. भारतात २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी त्यासाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. त्यामुळे प्रश्न हिशेबाचा आहे: राखीव वेळेत स्पेक्ट्रम खर्च करायचा की आकडेमोडीत वीज? सध्या पारडे ओएफडीएमकडे झुकलेले आहे. बहुपदी पद्धतीचा उपयोग मायमोपुरता नाही. अनेक मायक्रोफोन, रडार आणि सोनार यांचे रुंद पट्ट्यातील सिग्नल वेगळे करण्यासाठीही तिच्यावर संशोधन सुरू आहे.