प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलसाठी लिनक्सचीच शिफारस असते. त्यामुळे लॅबमधल्या मशीनवर उबुंटू किंवा फेडोरा असतंच. तिथं मी ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय शिकवते. मुलं प्रॅक्टिकल करतात, जर्नलवर सही घेतात आणि हॉस्टेलवर गेली की लॅपटॉपवर विंडोज उघडतात. लिनक्स असं प्रॅक्टिकलपुरतं ठेवलं, तर त्यातलं सगळ्यात मोलाचं हाती लागायचं राहूनच जातं.

फोर्कचं प्रॅक्टिकल घ्या. चालू प्रोग्रॅमनं फोर्कला हाक दिली की एका प्रोसेसच्या दोन होतात, पेरेंट आणि चाइल्ड. चाइल्डचं काम संपलं, पण पेरेंटनं त्याची दखलच घेतली नाही, तर चाइल्डची नोंद कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, यादीत तशीच राहते. हा झॉम्बी. पुस्तकात याची आकृती असते, मुलं ती पाठ करतात. लिनक्सवर मात्र पीएस कमांड दिली की त्याच्या ओळीत ‘झेड’ हे अक्षर समोर दिसतं. मग कुणीतरी त्याला किल करून पाहतं. तो जात नाही, कारण त्याचं काम आधीच संपलेलं असतं, उरलेली असते ती नुसती नोंद. पेरेंट बंद केला की ती नोंदही पुसली जाते. हे स्वतः शोधून काढलेल्या मुलीला ओरलमध्ये काहीही विचारा, ती अडत नाही. तिला हवं असेल तर फोर्कचा कर्नलमधला मूळ कोडही उघडून वाचता येतो. ही मुभा मला फार मोठी वाटते.

आणि लिनक्सचं हे सगळं सुरू झालं ते एका विद्यार्थ्याकडून. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता, वय २१. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तो आपल्या ३८६ पीसीवर चालवत होता. विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घ्यायला त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो वाढत वाढत कर्नल झाला. १९९२ मध्ये त्यानं तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. पुढच्याच वर्षी लिनक्सवर आधारलेली डेबियन सुरू करणारा इयन मर्डॉक हाही अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी. उबुंटू याच डेबियनवर उभी आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही, आणि मुलांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा कर्नलही लिनक्सच.

स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्यातल्या अडचणी खऱ्या आहेत. पार्टिशन करताना डेटा जाईल ही घरच्यांची भीती रास्त आहे. लॅपटॉप कर्जानं घेतलेला असतो. काही मशीनवर वायफायचा ड्रायव्हर छळतो. म्हणून मी आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून पाहायला सांगते, त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल सोयीचं आहे, पण त्यात मशीन बूट कसं होतं, ड्रायव्हर कसा बसतो, हे समजून घ्यायची वेळच येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमधले लिनक्सचे मराठी धडे दाखवते. एकदा मराठीत ऐकलं की मॅन्युअलमधल्या इंग्रजीचा धाक बराच कमी होतो.

आता ओरलला मी छापील प्रश्न कमी केलेत. टर्मिनल उघडायला लावते आणि विचारते, ‘तुझ्या मशीनवर या क्षणी काय काय चालू आहे, सांग बरं.’